‘.२२ पुरे’ म्हणणाऱ्यांनो, एकदा माझ्या बांधावर या

बारा_एकर (पेनसिल्व्हेनिया)

परवा दहा_बावीस यांनी इथे लिहिलं की ग्राउंडहॉगला (बिळं करणारा, मांजराएवढा जाडा कुरतडणारा प्राणी) .२२ एलआर पुरे, .१७ एचएमआर ही कंपन्यांनी गळ्यात मारलेली चैन आहे. दोन्ही छोट्या रायफलींची काडतुसं, .१७ची गोळी बारीक पण वेगवान. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

माझं बारा एकर रान आहे आणि एक जुनं कोठार. ग्राउंडहॉग बिळं करतो ती नेमकी कोठाराच्या पायाशी. गेल्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरचं पुढचं चाक बिळात गेलं, मी उलटता उलटता वाचलो. घेवडा दोन पानांवर आला की एका दिवसात साफ. पहिली दोन वर्षं मीही .२२च वापरली. एका सकाळी ८० यार्डांवर एक उभा दिसला. रायफल ५० ला झीरो केलेली, म्हणजे ५० यार्डांवर नेमकी नेमावर लागेल अशी बसवलेली, म्हणून अंदाजाने नेम जरा वर धरला. गोळी पोटात लागली. तो किंचाळत बिळात शिरला आणि मी तासभर बिळाच्या तोंडाशी बसून राहिलो. तो आवाज अजून कानात आहे. त्याच आठवड्यात .१७ घेतली.

.२२ची ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला १२०० फुटांच्या आसपास निघते. ५० ला झीरो असेल तर १०० वर पाच-सहा इंच खाली. अंतराचा अंदाज दहा-पंधरा यार्डांनी चुकला की जनावर जखमी. .१७ची १७ ग्रेनची गोळी २५५० फुटांनी निघते. १०० ला झीरो करा, मधे कुठेही जवळपास नेमावरच लागते. शिवाय तिची व्ही-मॅक्स जातीची गोळी लागली की फुटते. .२२ची गोळी माझ्या दगडाळ बांधावर टप्पा खाऊन कुठे जाईल याचा भरवसा नाही, आणि पलीकडे शेजाऱ्यांची मुलं खेळतात. याला चैन म्हणू नका.

दहा_बावीस

चूक रायफलची नव्हती, तुमची होती. ८० वरून मारलंत कशाला? .२२ ही ६० यार्डांची रायफल आहे आणि १८८७ पासून तेच काम चोख करते आहे. पुढे सरका, पोटावर झोपा, वारा अंगावर घ्या. मी पोराला १०/२२ या .२२च्या रायफलवर शिकवलं. एका हिवाळ्यात त्याने हजारावर गोळ्या झाडल्या, तेव्हा कुठे हात बसला. .१७ची गोळी तिप्पट-चौपट महाग, हजार गोळ्यांचा सराव कोण करतं? सराव नाही म्हणजे नेम नाही. आणि जरा वारा सुटला की तुमची १७ ग्रेन उडालीच.

बारा_एकर

वाऱ्याचं हे पालुपद किती वर्षं ऐकायचं? १०० यार्डांवर ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात .१७ चार इंचांच्या आसपास सरकते. तुमची .२२ त्याहून कमी सरकत नाही. २०० वर .१७ फूटभराहून जास्त वाहते, हे मान्य. पण २०० वर मी मारतच नाही.

माळरान (साउथ डकोटा)

दोघंही रिमफायरमध्ये, म्हणजे या हलक्या छोट्या काडतुसांतच, अडकलात. इकडे प्रेअरी डॉगच्या (माळावर बिळं करून कळपाने राहणारी जाडी खार) वसाहती पाहा, २५० यार्डांच्या आत एकही उभा राहत नाही आणि वारा कधी थांबत नाही. त्याहून ताकदीचं .२०४ रुगर काडतूस ३२ ग्रेनच्या गोळीला ४००० फुटांच्या वर पळवतं. .२२-२५० आहे, .२२३ आहे. .२२० स्विफ्टने तर १९३५ मध्येच ४००० चा आकडा ओलांडला होता. .२०४ला धक्का इतका कमी की गोळी लागलेली स्वतःच्या स्कोपमधून दिसते. यातला आनंद ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. फक्त जाड बॅरल घ्या, दहा-बारा गोळ्यांनंतर गार होऊ द्या, दुसरी रायफल सोबत ठेवा. मी स्वतः काडतुसं भरतो, प्रत्येक भार तोलून.

राखणदार (गुहागर)

तुमचे ग्रेन आणि फूट वाचून पोटात तुटतं. काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी आहे, बारा बोअर. वानरांवर कोणी नेम धरत नाही, आमच्याकडे तो मारुतीच. बार काढायचा, आवाजाने टोळी हलते. रात्री डुकरांसाठीही तेच. परवाना बंदुकीचा असतो, डुकराचा नाही, त्याला वन खात्याची वेगळी परवानगी.

तरी नुसत्या बाराचाही आधार असतो. पण निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. २०१४, २०१९, २०२४ या तिन्ही विधानसभा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे भात कापणीला आल्यावर. लोकसभा एप्रिल-मे, म्हणजे आंबा-काजू. गेल्या विधानसभेला काका डबा वाजवत राखणीला बसले. एका रात्रीत डुकरांनी खालचा सगळा मळा लोळवला. भात खाल्लं थोडं, तुडवलं सगळं.

माळरान (साउथ डकोटा)

धागा रायफल निवडण्याचा आहे. कोकणातलं रडगाणं वेगळीकडे मांडा. शस्त्र जमा करणं कायदा-सुव्यवस्थेचा भाग आहे, एका बंदुकीने निवडणूक बिघडलेली गावं मी लहानपणी पाहिली आहेत.

राखणदार (गुहागर)

रडगाणं? तुम्ही गंमत म्हणून दिवसाला शंभर गोळ्या झाडता, आणि माझा सत्तरीचा काका वर्षाकाठी दहा काडतुसांचा हिशेब ठाण्यात देतो. त्याच्यावर कधी साधी तक्रारही नाही. ज्याच्यावर गुन्हा आहे त्याची बंदूक घ्या, आमचं काही म्हणणं नाही. सरसकट का? शिवाय जमा केलेली बंदूक परत आली ती नळीला गंज चढून. तेल कोण लावणार तिथे? निकाल लागून तीन आठवडे झाले तरी साहेब रजेवर, कारकून म्हणतो उद्या या. भात तोवर घरात येतं, किंवा येत नाही.

बारा_एकर

माळरान, शब्द मागे घ्या. माझं आजोळ संगमेश्वरकडचं. मामाने याच कारणाने खालची शेती ओसाड टाकली, भात सोडून काजू लावला, आता काजूवर वानरं. हा विषय इथलाच आहे. पीक राखणं हीच या छोट्या रायफलींची मूळ गरज, बाकी सगळं नंतर आलं.

माळरान (साउथ डकोटा)

‘रडगाणं’ हा शब्द मागे घेतो. तक्रार नसलेल्या शेतकऱ्याची बंदूक कापणीत काढून घेऊ नये, इतपतही मानतो. सगळ्यांकडेच राहू द्या म्हणाल तर नाही.

राखणदार (गुहागर)

सगळ्यांकडे राहू द्या असं म्हटलंच नव्हतं. परत वाचा.

रांगेतला

इथे अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी एक गोष्ट. एच-१बी व्हिसावर असाल तर कुठलीही रायफल, साधी .२२सुद्धा, घेणं किंवा नुसती बाळगणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला अपवाद, तो आधी काढा. माझ्या मित्राने दुसऱ्याची रायफल ‘जरा बघू’ म्हणून हातात घेतली आणि पुढे सहा महिने वकिलाकडे खेटे घातले.

गिधाडमाया (कॅलिफोर्निया)

गोळी लागताक्षणी फुटते म्हणून कौतुक चाललं आहे. फुटते म्हणजे शिशाचे बारीक कण मांसभर पसरतात. तुम्ही मेलेलं जनावर रानात टाकून देता, ते ससाणा खातो, गरुड खातो. मी जखमी पक्ष्यांच्या शुश्रूषा केंद्रात शनिवारी जाते. मान टाकलेला, पंख न उचलणारा सोनेरी गरुड मी मांडीवर धरला आहे. रक्तात शिसं होतं. १९८० च्या दशकात जगात तीसहून कमी कॅलिफोर्निया कॉन्डॉर (इथलं मोठं गिधाड) उरले होते आणि आजही त्यांचा मोठा शत्रू शिसंच. म्हणून इथे १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद.

आणि माळरान, काळ्या पायांचा फेरेट (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी) जगतो प्रेअरी डॉगवर. तो नामशेष झाला असंच सगळे धरून चालले होते. १९८१ मध्ये वायोमिंगच्या मिटीट्सीला एका कुत्र्याने एक मारून आणला, तेव्हा कळलं की अजून आहे. तुमच्या शंभर गोळ्यांत त्याचं जेवण जातं.

माळरान (साउथ डकोटा)

फेरेट सोडलेल्या भागात मी जात नाही, तिथे बंदीच आहे. मी रँचवाल्याच्या बोलावण्यावरून जातो, त्याची गुरं त्याच गवतावर जगतात. प्लेगनेही प्रेअरी डॉगच्या वसाहतीच्या वसाहती मरतात, त्याचा दोष मला देऊ नका.

बारा_एकर

गिधाडमाया, मी मारलेलं पुरतो, कायम. पण बिळात जाऊन मेलेला कोल्ह्याने उकरला तर माझ्या हातात काही नाही, हे खरं. .१७ मध्ये १५.५ ग्रेनची तांब्याची गोळी मिळते. माझ्या बॅरलमधून तिच्या गोळ्या व्ही-मॅक्सपेक्षा जास्त पांगून लागल्या, म्हणून सोडून दिली होती. एक डबा परत आणतो. ७० यार्डांच्या आत चालेल बहुधा.

दहा_बावीस

७० च्या आत! म्हणजे माझ्याच अंतरावर आलात. ६० च्या पुढे .१७ बरी, हे मी लिहून देतो. ६० च्या आत देणार नाही. शनिवारी पोराला घेऊन येतो, तुमच्या बांधावर दोन्ही रायफली लावू. कागदावर, पाच-पाच गोळ्या.

राखणदार (गुहागर)

आकडे इथे टाका. काका वाचून दाखवायला सांगतात.