मदत हवी आहे : जुन्या फोटोवरचा डाग जात नाही, आणि प्रिंट काळपट येते

नमस्कार मंडळी,
आमचं जुनं घर नारायण पेठेतलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा आजीच्या लग्नाचा फोटो भिजला. कोपऱ्यातून चढलेला तपकिरी डाग थेट तिच्या नथीपर्यंत आलाय. तिचा तरुणपणीचा हा एवढाच फोटो उरलाय, म्हणून जीव तुटतो.

६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून टिफ फाइल गिंप या फोटो दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. मागच्या मोकळ्या भिंतीवरचा डाग हील टूलने (आजूबाजूच्या रंगात मिसळून डाग बुजवणारं) छान गेला. पण नथीच्या कडेला ब्रश लावला की शेजारचा गडद रंग गालावर ओढला जातो आणि मोती पुसट होतात. तिथे क्लोन टूल (दुसरीकडचा भाग जसाच्या तसा उतरवणारं) बरं, की आधी नथ सिलेक्ट करून बाजूला ठेवायची?

दुसरं म्हणजे प्रिंट. स्क्रीनवर चेहरा उजळ, लॅबमधून येतो तो काळपट. फाइल एसआरजीबीतच (स्क्रीनसाठीची नेहमीची रंगपद्धत) आहे. ८ बाय १० इंचासाठी २४०० बाय ३००० पिक्सेल. मॉनिटरचा ब्राइटनेस उतरवून बघू, की लॅबकडून आयसीसी प्रोफाइल (त्यांच्या प्रिंटवर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल) मागून सॉफ्ट प्रूफ करू, म्हणजे प्रिंट कशी येईल ते आधी स्क्रीनवरच बघू? असं प्रोफाइल देणारी पुण्यातली लॅब कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा. दिवाळीला आई माहेरी जाईल, त्याआधी तिच्या हातात फ्रेम द्यायची आहे.