मदत हवी आहे : बडोदा ते आजवा, सायकलने

येत्या जानेवारीत आम्ही तिघं भावंडं बऱ्याच वर्षांनी दांडिया बाजारच्या जुन्या घरी एकत्र येतोय. 1984 मध्ये दोन सायकलींवर आजव्याला जायचो. दादा डबलसीट घ्यायचा, मी मागे थेपल्यांचा डबा सांभाळत. सयाजीराव महाराजांनी शहराच्या पाण्यासाठी बांधलेल्या त्या तलावाच्या काठी बसून मगर दिसते का ते तासन्‌तास बघायचो. (ताईला दिसली होती, मला अजून नाही!)

तोच रस्ता पुन्हा करायचाय. साधारण वीस किलोमीटर. ताईचे गुडघे दुखतात, म्हणून खालच्या दांड्याची किंवा बॅटरीची सायकल दिवसभर भाड्याने कुठे मिळेल? आजवा चोकडीला हायवे पहाटे सुरक्षितपणे कसा ओलांडावा? आणि बांधावर सायकल नेऊ देतात का? नुकतंच कुणी गेलं असेल तर कृपया सांगा.