मदत हवी आहे: पेटमध्ये ट्यूमर दिसतो, फ्लोरोसन्समध्ये गायब

रात्रपाळी
ट्यूमरला चिकटणाऱ्या एकाच अँटिबॉडीला झिर्कोनियम-८९ (पेट स्कॅनसाठीचा किरणोत्सारी अणू) आणि फ्लोरोसंट डाय (कॅमेऱ्याखाली चमकणारा रंग), दोन्ही लावलेत. पेटमध्ये ट्यूमर स्वच्छ. त्याच उंदराचा लगेच ऑप्टिकल फोटो काढला की ट्यूमर नाही आणि पोट मात्र झगझगीत. तीन उंदरांत हेच. शुक्रवारी गाईडना दाखवायचंय. डाय बदलू का? लवकर सांगा.

नीलकमळ
डाय कोणता? इंजेक्शनचा कितवा दिवस? एका अँटिबॉडीवर सरासरी किती डाय? जास्त चढवले की यकृत अँटिबॉडी ओढून घेतं.

रात्रपाळी
साय ५.५. तिसरा दिवस. सरासरी दीड. यकृताने ओढली असती तर पेटमध्येही दिसलं असतं ना? तिथे सगळं ठीक आहे.

तिसरा प्रहर
डाय लावायचाच कशाला? झिर्कोनियममधून सुटणारे वेगवान कण, म्हणजे पॉझिट्रॉन, ऊतींतून जाताना स्वतःच प्रकाश देतात, त्याला चेरेनकोव्ह प्रकाश म्हणतात. काही मिनिटं एक्स्पोजर द्या, झालं. मी फ्लोरोसन्स कधीच सोडला.

नीलकमळ
तो प्रकाश मुळात मिणमिणता, त्यात निळा. हिमोग्लोबिन तो गिळतं. तुमच्या गाठी कातडीखालच्या असणार.

तिसरा प्रहर
हो, मांडीवरच्या. पण लेबलिंगचं (अँटिबॉडीला डाय वगैरे जोडण्याचं) काम निम्मं होतं, ते कुणी बोलत नाही.

साखरझोप
एफडीजी (पेटसाठीची किरणोत्सारी साखर) देण्याआधी उंदीर उपाशी ठेवा आणि उबेत ठेवा. नाहीतर ब्राउन फॅट (उष्णता तयार करणारी चरबी) उजळतं.

नीलकमळ
इथे एफडीजी नाहीच.

ओंजळ
विषय निघालाच आहे म्हणून विचारते. बाबांचा एफडीजी पेट स्कॅन आहे, घरात तान्हं बाळ आहे. किती वेळ लांब ठेवू?

साखरझोप
एफडीजीतल्या किरणोत्सारी फ्लोरिन-१८चं अर्धायुष्य ११० मिनिटं. बारा तासांत जेमतेम शंभरावा हिस्सा उरतो. पण नेमके तास स्कॅन करणाऱ्यांनाच विचारा, त्यांचंच ऐका.

शेवाळ
उंदरांचं खाद्य कोणतं? नेहमीच्या खाद्यात लसूणघास असतो. त्यातलं क्लोरोफिल साय ५.५च्या फिल्टरमध्येच चमकतं. इंजेक्शन न दिलेला उंदीर कॅमेऱ्याखाली ठेवून बघा.

रात्रपाळी
आत्ताच बघितलं. त्याचंही पोट तितकंच उजळतं! खाद्य बदलतो. पण ट्यूमर का दिसत नाही?

नीलकमळ
गाठ आहे कुठे?

रात्रपाळी
स्वादुपिंडात. सांगितलं नव्हतं का?

नीलकमळ
नाही, आणि तेच पहिल्या ओळीत हवं होतं. पेटचे ५११ केईव्ही ऊर्जेचे गॅमा फोटॉन उंदरातून आरामात बाहेर येतात. ७०० नॅनोमीटरचा प्रकाश आतडी आणि कातडी ओलांडताना विखुरतो, काही मिलिमीटरांतच क्षीण होतो. वर चमकणारं आतडं. कसा दिसेल ट्यूमर? शेवटचा पेट झाल्यावर उंदराला मारून पोट उघडा, स्वादुपिंड, यकृत, प्लीहा बाहेर काढून फ्लोरोसन्स घ्या आणि तेच तुकडे गॅमा काउंटरमध्ये (किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रात) टाका. झिर्कोनियमचं अर्धायुष्य ७८ तासांचं आहे, तिसऱ्या दिवशीही निम्मी मात्रा उरलेली असते. दोन्ही आकडे जुळले तर लेबलिंग शाबूत आहे.

शेवाळ
आणि ८०० नॅनोमीटरचा डाय घ्या, क्लोरोफिलची कटकट टळेल.

नीलकमळ
पुढच्या बॅचला. शुक्रवारच्या आत पुन्हा लेबलिंग कुठून होणार?

रात्रपाळी
उद्या सकाळीच उघडतो. तुकड्यांचं वजन काउंटरच्या आधी ना?

नीलकमळ
हो, आणि ओले असतानाच.