इंदूरला चर्चमध्ये भावाचे लग्न आणि बाळाचा बाप्तिस्मा: तयारी कुठून सुरू करावी?

प्रश्न: सुदामानगरची ताई (इंदूर)

सर्वांना नमस्कार. आमचे घराणे मूळचे नगर जिल्ह्यातले. आजोबा कापडगिरणीच्या नोकरीसाठी इंदूरला आले आणि तेव्हापासून आम्ही इथलेच झालो. आम्ही सी.एन.आय.च्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) जुन्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, वळणाच्या एका चर्चचे सभासद आहोत. धाकट्या भावाचे लग्न जानेवारी २०२७ मध्ये याच चर्चमध्ये व्हावे, अशी आईची इच्छा आहे. मुलगी नाशिकच्या शरणपूरची असून तिचे माहेरही सी.एन.आय.चेच आहे. भाऊ मात्र नोकरीमुळे पुण्यात राहतो आणि इथल्या उपासनेला सणावारीच येतो.

दुसरा विषय माझ्या मुलाच्या बाप्तिस्म्याचा आहे. तो आता नऊ महिन्यांचा आहे. माझे यजमान हिंदू आहेत आणि आमचे लग्न विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने झाले. बाप्तिस्म्याला त्यांची ना नाही. सासूबाईंचे म्हणणे एवढेच की, कान टोचताना आणि जावळ काढताना बाळ मामाच्या मांडीवर बसते, तर इथेही मामाचा मान राहावा. नाशिकची आणि नगरची मंडळी एकदाच येणार असल्यामुळे दोन्ही कार्ये त्याच आठवड्यात उरकावीत, असा विचार आहे. हे शक्य आहे का? लग्नाची घोषणा कोणत्या चर्चमध्ये करावी लागते? मॅरेज गार्डनवाला आगाऊ रक्कम मागतो आहे, ती देऊन टाकावी का? आणि इथली उपासना हिंदीत होत असली, तरी लग्नात थोडेफार मराठी असू शकेल का?

उत्तर १: जुना सचिव

ताई, गार्डनवाल्याला अजून एक रुपयाही देऊ नका. आधी पाळकसाहेबांची वेळ घेऊन भावाला आणि शक्य झाल्यास मुलीलाही प्रत्यक्ष भेटवा, त्यांच्याकडून तारीख लेखी घ्या आणि मगच जागा ठरवा. पास्टरेट कमिटीचे, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीचे, काम मी बरीच वर्षे पाहिले आहे. पत्रिका छापून झाल्यावर चर्चची तारीख मागायला येणारी कुटुंबे दर हंगामात भेटतात आणि त्यांची समजूत घालण्यातच पाळकांची निम्मी शक्ती खर्च होते.

तारखेविषयी सांगायचे, तर ॲडव्हेंटमध्ये (नाताळाआधीचा तयारीचा काळ), म्हणजे २९ नोव्हेंबर २०२६ पासून नाताळापर्यंत, आणि लेंटमध्ये (ईस्टरआधीचा उपवासाचा काळ), म्हणजे १० फेब्रुवारी २०२७ च्या राखेच्या बुधवारापासून २८ मार्चच्या ईस्टरपर्यंत, आपल्याकडे सहसा लग्ने लावत नाहीत. त्यामुळे जानेवारी उत्तमच, पण नेमक्या याच कारणाने त्या महिन्यातले शनिवार लवकर भरतात. मला स्वतःला शनिवार ९ जानेवारी आणि रविवार १० जानेवारी ही जोडी सर्वांत योग्य वाटते. जुन्या अँग्लिकन प्रार्थनाक्रमाचा आग्रहच असा आहे की, बाप्तिस्मा रविवारी किंवा सणाच्या दिवशी, सगळी मंडळी जमलेली असताना व्हावा. शिवाय प्रकटीकरणाच्या सणानंतरचा हा रविवार पुष्कळ ठिकाणी प्रभूच्या बाप्तिस्म्याचा रविवार म्हणून पाळला जातो. शनिवारी लग्न आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उपासनेत बाप्तिस्मा असे ठरले, तर पाहुण्यांना एकच मुक्काम पुरेल. दोन्ही विधी एकाच उपासनेत बसवण्याचा हट्ट मात्र धरू नये, कारण मग एकाकडेही नीट लक्ष राहत नाही.

कागदपत्रे म्हणाल, तर दोघांचे बाप्तिस्म्याचे आणि दृढीकरणाचे (कन्फर्मेशन, म्हणजे समजत्या वयात स्वतः दिलेली विश्वासाची कबुली) दाखले, वयाचा पुरावा, छायाचित्रे, अविवाहित असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि मुलीच्या चर्चचे ना-हरकत पत्र एवढे तयार ठेवा. भावाचे नाव सभासद-यादीत आहे का आणि वर्गणी कधीपर्यंत भरलेली आहे, हे आजच पाहून घ्या. तो पुण्यात ज्या चर्चला जातो, तिथल्या पाळकांचे पत्र आणले तर यादीवरून होणारी चर्चा लवकर संपते. थकलेली वर्गणी भरून टाकणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे.

एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. सी.एन.आय. ही २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा वेगवेगळ्या चर्च-मंडळ्या एकत्र येऊन झाली, आणि इंदूरमध्ये त्यांपैकी दोन प्रवाह आजही जाणवतात. एक ब्रिटिश रेसिडेन्सीच्या आधाराने वाढलेला अँग्लिकन, ज्याची खूण म्हणजे आपले व्हाइट चर्च. दुसरा १८७७ पासून इथे काम करणाऱ्या कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशनचा, ज्याने पुढे इंदूर ख्रिश्चन कॉलेज काढले. धर्मप्रांत एकच आणि बिशपही एकच असले, तरी धर्ममातापित्यांविषयीचा (गॉडपेरेंट्स, म्हणजे बाप्तिस्म्यात बाळाच्या वतीने कबुली देणारे) आग्रह आणि वेदीजवळची शिस्त चर्चागणिक बदलते. म्हणून दुसऱ्या चर्चमधल्या मैत्रिणीने सांगितलेले नियम आपल्याला लागू धरू नका.

उत्तर २: शरणपूरकर (नाशिक)

घोषणेचे मी सांगतो. वर आणि वधू वेगवेगळ्या चर्चचे असतील तर दोन्हीकडे घोषणा होते. उपासनेत सलग तीन रविवार दोघांची नावे वाचली जातात आणि कोणाला या विवाहास रास्त हरकत असल्यास ती कळवावी, असे सांगितले जाते. नऊ जानेवारीचे लग्न धरले तर ८, १५ आणि २२ नोव्हेंबर हे तीन रविवार घ्यावेत, म्हणजे ॲडव्हेंट लागण्यापूर्वीच काम होते आणि काही राहिलेच तर दुरुस्तीला वेळ मिळतो. नाशिकच्या पाळकांचे 'घोषणा झाली, हरकत आली नाही' असे पत्र नाताळाच्या गडबडीआधी इंदूरला पोहोचले पाहिजे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोणत्याही चर्चच्या कार्यालयात सही मिळणे दुरापास्त असते.

मराठीचा प्रश्न सोपा आहे. मुलीच्या चर्चच्या पाळकांना विधीत सहभागी होण्यास बोलवा. मात्र ते निमंत्रण इंदूरच्या पाळकांच्या संमतीने आणि शक्यतो त्यांच्यामार्फतच जावे, तसा शिरस्ता आहे. प्रस्तावना आणि प्रवचन हिंदीत, शपथा आणि एक शास्त्रपाठ मराठीत, अशी वाटणी मी पाहिली आहे आणि ती शोभून दिसली. गाण्यांसाठी 'उपासना संगीता'तली आईला पाठ असलेली दोन गीते निवडा आणि त्यांचे शब्द देवनागरीत छापून बाकांवर ठेवा. इंदूरच्या क्वायरला चाल आधी ऐकवावी लागेल. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या पदांच्या चाली भजनाच्या अंगाने जातात, तिथे ऑर्गनपेक्षा पेटी-तबला बरा.

मंगळसूत्राबद्दल आपण विचारले नाही, पण ऐन वेळी गोंधळ होतो म्हणून लिहितो. आपल्याकडे अंगठ्यांबरोबर क्रूसाचे पदक ओवलेले मंगळसूत्रही घालतात आणि पाळक दोन्हींवर आशीर्वाद मागतात. ते अंगठ्यांच्या तबकातच ठेवा; मामीच्या पर्समध्ये नको.

उत्तर ३: पलासियावाली

इंदूरच्या दृष्टीने दोन गोष्टी सांगते. नऊ जानेवारी ही तारीख खरमासात येते. मकरसंक्रांतीपर्यंत हिंदू लग्ने जवळजवळ बंद असतात, त्यामुळे मॅरेज गार्डन, केटरर आणि फुलवाले हे सगळे त्या दिवसांत रिकामे असतात. तेव्हा आगाऊ रकमेची घाई त्याला असेल, आपल्याला नाही. उलट भाव पाडून घ्या. उघड्या गार्डनमध्ये संध्याकाळी आठनंतर म्हातारी माणसे गारठतात, म्हणून जेवण दुपारचे ठेवणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. सासूबाईंकडच्या पाहुण्यांपैकी कोणी खरमासात कार्य कसे, असे म्हणतीलच. लग्न चर्चमधले आहे एवढे उत्तर त्यावर पुरते.

दुसरे वेळेचे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात विधीची वेळ सकाळी ६ ते सायंकाळी ७ अशी ठरवून दिलेली आहे आणि तिला अपवाद खास परवान्यानेच होतो. इथे घोड्यावरून वरात काढायची हौस असते, रस्त्यात बँडपुढे नाच रंगतो आणि साडेपाचची वेळ सातवर जाते. विधी अकराचा ठेवा आणि वरात काढायचीच असेल तर विधीनंतर काढा.

छायाचित्रकाराला आदल्या दिवशी चर्च दाखवून आणा. वेदीच्या कठड्याच्या आत जायचे नाही आणि शपथांच्या वेळी दिवा डोळ्यांवर मारायचा नाही, हे त्याला पाळकांच्या तोंडूनच ऐकवा, आपले तो ऐकत नाही. सजावटीत बाकांना चिकटपट्टी लावू देऊ नका, जुन्या लाकडाचे पॉलिश निघते.

उत्तर ४: जुना सचिव

पलासियावालीताईंनी कायद्याचा उल्लेख केला म्हणून नोंदणीविषयी थोडे अधिक लिहितो. विधीला पाळकांखेरीज किमान दोन साक्षीदार लागतात. विधी संपल्यावर व्हेस्ट्रीत (वेदीलगतच्या पाळकांच्या खोलीत) जाऊन नोंदवहीत सह्या होतात. वधूने तिथे माहेरच्या नावानेच सही करायची असते. आनंदाच्या भरात पुष्कळ मुली नवे आडनाव लिहून मोकळ्या होतात आणि मग खाडाखोडीवर पुन्हा सगळ्यांच्या सह्या घ्याव्या लागतात. नावांची इंग्रजी अक्षरे आधार कार्डाबरहुकूम आहेत का, हे शाई लागण्यापूर्वी भावाने स्वतः वाचून पाहावे. साक्षीदार म्हणून असे कोणी निवडा, जे जेवणाच्या व्यवस्थेत गुंतलेले नसतील.

चर्चकडून मिळणारा दाखला कायदेशीरच असतो आणि या नोंदींच्या प्रती दर तिमाहीला सरकारी नोंदणी कार्यालयाकडे पाठवाव्यात, असे कायद्यातच आहे. तरीही सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निर्देशानंतर राज्यांनी विवाहनोंदणी सक्तीची केलेली असल्याने, नगर निगमाकडची नोंद लगेच करून घ्यावी. पासपोर्ट किंवा व्हिसाच्या वेळी ती उपयोगी पडते.

उत्तर ५: संडे स्कूलची बाई (महू)

बाप्तिस्म्याबद्दल लिहिते. सी.एन.आय.मध्ये बाप्टिस्ट, ब्रदरेन आणि डिसायपल्स यांच्याही मंडळ्या आलेल्या असल्यामुळे इथे दोन्ही वाटा मान्य आहेत. एक म्हणजे बाळाचा बाप्तिस्मा आणि पुढे समजत्या वयात दृढीकरण. दुसरी म्हणजे आता फक्त समर्पणाची प्रार्थना आणि मोठेपणी स्वतःच्या कबुलीने बाप्तिस्मा. आपले यजमान हिंदू आहेत, म्हणून पाळक या दुसऱ्या वाटेबद्दलही विचारतील. तो नकार समजू नये. दोघांनी घरी बसून आधी बोलून घ्या, कारण एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा दिला जात नाही.

आई सभासद असल्यास पाळक सहसा अडवत नाहीत, परंतु वडिलांची लेखी संमती मागतील आणि ती मागावीच. मध्य प्रदेशात २०२१ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यानुसार धर्मांतर करणाऱ्या व्यक्तीने आणि ते करवणाऱ्या धर्मगुरूनेही जिल्हाधिकाऱ्यांना ६० दिवस आधी कळवायचे असते. बाळाची गोष्ट वेगळी असली, तरी या वातावरणात पाळक कागद चोख ठेवतात. यजमानांनी स्वतः पाळकांना भेटून संमतीपत्र त्यांच्यासमोर लिहून द्यावे आणि शंका वाटल्यास वकिलाला दाखवावे.

धर्ममातापित्यांची जुनी रीत अशी की, मुलासाठी दोन धर्मपिते आणि एक धर्ममाता. ते स्वतः बाप्तिस्मा झालेले असले पाहिजेत, कारण बाळाच्या वतीने विश्वासाची कबुली त्यांना द्यायची असते. सासूबाईंची इच्छा इथे आपोआप पूर्ण होते: मामा ख्रिस्ती आहे, दृढीकरण झालेले असल्यास तो धर्मपिता होऊ शकतो, आणि आदल्याच दिवशी लग्न झालेली मामी धर्ममाता. एक धर्मपिता तेवढा आणखी शोधावा लागेल. कुटुंबातल्या हिंदू काका-आत्यांना ही कबुली देण्याचा आग्रह करू नये. त्यांना बाप्तिस्म्यानंतरची मेणबत्ती धरू द्या किंवा पहिल्या बाकावर बसवा.

बाळाचे नाव जन्मदाखल्यात नोंदवले आहे का? जन्मनोंदणीनंतर बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क चढवता येते, नंतर शुल्क लागते. आधी ते करा आणि बाप्तिस्म्याच्या वहीत तेच नाव त्याच अक्षरांत द्या. बाप्तिस्म्याचा दाखला हा जन्मदाखल्याच्या जागी चालत नाही.

जुन्या अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्म्याचे कुंड बहुधा दाराजवळ असते, त्यामुळे सकाळच्या वेळी तिथे वारा लागतो. पाणी थोडे कोमट करून आणायला सांगा, कोणी हरकत घेत नाही. कपाळाशी घट्ट बसणारे टोपडे नको, कारण पाणी तीनदा कपाळावर घेतात आणि मग क्रूसाची खूण करतात. एक मऊ पंचा धर्ममातेच्या खांद्यावर असावा.

सुदामानगरची ताई

सर्वांचे मनापासून आभार. पाळकसाहेबांशी फोनवर बोलणे झाले असून त्यांनी ९ आणि १० जानेवारी या तारखा पेन्सिलने लिहून ठेवल्या आहेत. भाऊ पुढच्या रविवारी येऊन फॉर्म भरेल. गार्डनवाल्याला थांबायला सांगितले, तर त्याने आपण होऊनच भाव उतरवला. बाळाचे नाव जन्मदाखल्यात चढवायचे राहिले आहे, ते या आठवड्यात करते. एकच शंका उरली आहे: कुंडाजवळ बाळाचे वडील उभे राहू शकतात का, आणि त्यांना काही म्हणावे लागेल का?

संडे स्कूलची बाई (महू)

अवश्य उभे राहू शकतात. विश्वासाची कबुली आपण आणि धर्ममातापिते देतील, त्या वेळी त्यांनी शांत राहिले तरी चालते. बाळाला घरी प्रेमाने आणि या वाटेत अडथळा न आणता वाढवू, एवढे त्यांच्याकडून वदवून घ्यायचे का, हे पाळकांना आधीच विचारा आणि ते वाक्य यजमानांना लिहून द्या. बाळ पाळकांच्या हातात देताना डोके त्यांच्या डाव्या कोपराकडे यावे, म्हणजे पाणी घ्यायला उजवा हात मोकळा राहतो.