भंडाऱ्याहून नागपूर विमानतळावर एसटी, रेल्वे आणि मेट्रोने वेळेत कसे पोहोचावे?

वैनगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझे आईवडील पुढील महिन्यात नागपूरहून विमानाने बेंगळुरूला माझ्या बहिणीकडे जाणार आहेत. विमान दुपारी अडीच वाजताचे आहे. वडिलांचे वय ७६ आणि आईचे ६८ आहे. दोघेही हिंडतेफिरते आहेत, मात्र जिने चढताना आईचे गुडघे दुखतात. सोबत दोन मोठ्या बॅगा आणि एक हातातली पिशवी असेल. त्या दिवशी मला शाळेतून रजा मिळणे अवघड असल्यामुळे ते दोघेच निघतील.

आजवर आमच्याकडे विमान गाठायचे म्हटले की भंडाऱ्याहून गाडी ठरवण्याची पद्धत आहे. गाडी परत रिकामी येते म्हणून दोन्ही बाजूंचे भाडे द्यावे लागते. या वेळी वडिलांनी गाडीला स्पष्ट नकार दिला आहे. एसटी रोज जाते, मेट्रो विमानतळाच्या नावाच्या स्थानकापर्यंत जाते, तर गाडी कशासाठी, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते मला चुकीचे वाटत नाही. परंतु ज्यांनी हा प्रवास सामानासह केला आहे त्यांच्याकडून मला जाणून घ्यायचे आहे की एसटी बरी की रेल्वे, मेट्रोत कुठे बसावे, कुठे उतरावे आणि घरून किती वाजता निघावे.

उज्ज्वलनगर निवासी

आपल्या वडिलांचा विचार योग्य आहे आणि दुपारच्या विमानासाठी तो सहज पार पडण्यासारखा आहे. मी वर्धा मार्गावर राहतो आणि बाहेरगावचे पाहुणे या मार्गाने नेहमी जात-येत असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम रेल्वेचा विचार करू. भंडारा रोड स्थानक वरठीला आहे, म्हणजे भंडारा शहरातून तिथवर जाण्यासाठीच एक वेगळे वाहन लागते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. गोंदियाकडून येणाऱ्या काही लोकल गाड्या नागपूरच्या मुख्य स्थानकावर न येता इतवारीला संपतात आणि तिथून मेट्रो गाठायची तर पुन्हा रिक्षा करावी लागते. मुख्य स्थानकापर्यंत येणारी गाडी मिळाली तर मात्र सोय चांगली आहे, कारण ‘नागपूर रेल्वे स्टेशन’ नावाचे मेट्रो स्थानक संत्रा मार्केटच्या बाजूला आहे. त्यासाठी पश्चिमेकडील मुख्य दाराने बाहेर न पडता पूर्वेकडील दाराने निघावे. घर वरठीजवळ असेल तर रेल्वे आणि भंडारा शहरात असेल तर एसटी, असा साधा निर्णय मी घेतला असता.

एसटीच्या बाबतीत बहुतेक लोक गणेशपेठच्या मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत जातात आणि शहराच्या गर्दीत अर्धा-पाऊण तास घालवतात. भंडारा मार्गाने येणारी बस पारडीहून शहरात शिरते, म्हणून तिथेच उतरून रिक्षाने प्रजापतीनगर मेट्रो स्थानक गाठावे. हे अ‍ॅक्वा मार्गिकेचे पूर्वेकडील शेवटचे स्थानक असल्यामुळे गाडी तिथूनच सुटते आणि ज्येष्ठांना बसायला जागा मिळते. तिथून लोकमान्यनगरच्या दिशेने जाणाऱ्या गाडीने सीताबर्डीला यावे. सीताबर्डीला मार्गिका बदलायची आहे. दोन्ही मार्गिकांचे फलाट एकाच स्थानकात, पण वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत आणि उद्वाहन म्हणजे लिफ्टची सोय असल्यामुळे आईंना जिना चढावा लागणार नाही. तिथे ऑरेंज मार्गिकेवरील खापरीच्या दिशेची गाडी घ्यावी. तिकीट मात्र प्रजापतीनगरलाच थेट विमानतळापर्यंतचे काढावे, म्हणजे मध्ये पुन्हा रांगेत उभे राहावे लागणार नाही.

आता सर्वांत जपण्याची गोष्ट सांगतो. खापरीच्या दिशेने जाताना उज्ज्वलनगरनंतर ओळीने तीन स्थानकांच्या नावात एअरपोर्ट हा शब्द येतो. पहिले नुसते ‘एअरपोर्ट’, दुसरे ‘एअरपोर्ट साऊथ’ आणि तिसरे ‘न्यू एअरपोर्ट’. उतरायचे आहे ते पहिल्याच स्थानकावर. ‘न्यू’ म्हणजे नवीन टर्मिनल असावे, असा समज करून पुढे निघून जाणारी माणसे मी पाहिली आहेत. वडिलांना हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे: उज्ज्वलनगर गेले की उठायचे आणि पुढच्या स्थानकावर उतरायचे.

वेळेचा हिशेब विमानापासून मागे मोजत यावा. देशांतर्गत विमानाचा चेक-इन काउंटर साधारणपणे उड्डाणाच्या एक तास आधी बंद होतो, म्हणजे आपल्या बाबतीत दीड वाजता. ज्येष्ठांनी टर्मिनलच्या दाराशी साडेबाराला असावे. त्यासाठी एअरपोर्ट मेट्रो स्थानकावर बाराला आणि प्रजापतीनगरला अकराला पोहोचणे पुरेसे होईल. भंडाऱ्याहून साडेआठची बस धरली तर एक बस चुकली किंवा वाटेत खोळंबा झाला तरी हा हिशेब कोलमडत नाही. ही मोकळी ठेवलेली वेळ कुणी वाया गेलेली समजू नये, कारण सार्वजनिक वाहनांनी विमान गाठणाऱ्याचा सगळा भरवसा तिच्यावरच असतो.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. राज्य शासनाच्या योजनेनुसार ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयोगटासाठी अर्धे तिकीट आहे. महिलांना तर मार्च २०२३ पासून सर्वच वयात अर्धे तिकीट आहे. त्यामुळे आधार कार्ड हाताशी लागेलच. विमानतळाच्या दारावरही तेच दाखवायचे असल्यामुळे विमानाच्या तिकिटावरील नाव आणि आधारवरील नाव सारखे आहे की नाही, हे आजच तपासून घ्यावे.

वैनगंगाकाठ

इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आमचे घर भंडारा शहरातच असल्यामुळे एसटी आणि प्रजापतीनगर हा मार्ग वडिलांना वाचून दाखवला आणि त्यांना तो पटला. दोन शंका उरल्या आहेत. बस विनाथांबा असेल तर ती पारडीला थांबेल का? आणि एअरपोर्ट मेट्रो स्थानकातून बाहेर आल्यावर टर्मिनल समोरच आहे, की पुन्हा काही वाहन करावे लागते?

सोनेगाव परिसर

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. विनाथांबा बसमध्ये बसूच नये. साध्या बसमध्ये बसून तिकीट काढतानाच वाहकाला पारडीचे सांगावे. चुकून गणेशपेठपर्यंत गेलेच तर तिथून कॉटन मार्केट मेट्रो स्थानक जवळ आहे आणि तेही अ‍ॅक्वा मार्गिकेवरच असल्यामुळे सीताबर्डी पुढचेच स्थानक येते. सामान असल्यामुळे तेवढ्या अंतरासाठीसुद्धा रिक्षा करावी.

दुसरी शंका फार मोलाची आहे. मेट्रो स्थानक वर्धा मार्गावर आहे आणि टर्मिनलची इमारत त्या रस्त्यापासून आत, किलोमीटरभर अंतरावर आहे. हातात एकच पिशवी असलेला तरुण ते अंतर पायी काटतो, मात्र दोन बॅगा आणि दुखरे गुडघे घेऊन मे महिन्याच्या दुपारी नागपूरच्या उन्हात ते चालणे कुणालाही सांगता येणार नाही. फीडर वाहन (मेट्रो स्थानकापासून पुढे ने-आण करणारे वाहन) उभे असेल तर उत्तमच, पण सगळा बेत त्याच्यावर ठेवू नये. स्थानकाखाली ऑटोरिक्षा मिळते. अंतर कमी म्हणून काही चालक नाही म्हणतात किंवा दुप्पट मागतात, तेव्हा बसण्यापूर्वी भाडे ठरवावे आणि सुटे पैसे जवळ ठेवावेत. आपण भंडाऱ्यात बसूनही मोबाईलवरून त्यांच्यासाठी टॅक्सी नोंदवू शकता; वडिलांनी सीताबर्डीला गाडी बदलल्यावर फोन करायचा आणि आपण उज्ज्वलनगरच्या सुमारास नोंदणी करायची, एवढे ठरवून ठेवले की झाले.

या विषयावर मला थोडे मोकळेपणाने लिहावेसे वाटते. सीताबर्डी ते खापरी हा मेट्रोचा टप्पा मार्च २०१९ मध्ये, म्हणजे शहरात सर्वांत आधी सुरू झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या टप्प्यातील उरलेले मार्गही खुले झाले. आज कामठी मार्गावरील ऑटोमोटिव्ह चौकातून, हिंगणा मार्गावरील लोकमान्यनगरातून किंवा भंडारा मार्गाच्या बाजूने वातानुकूलित गाडीने विमानतळाच्या उंबरठ्यापर्यंत येता येते, ही आपल्या शहराने मिळवलेली फार मोठी गोष्ट आहे. इतके सगळे उभे राहिल्यावर शेवटच्या एका किलोमीटरसाठी प्रवाशाला रिक्षावाल्याच्या मर्जीवर सोडणे योग्य नाही. विमानांच्या वेळांशी सांगड घातलेली, सामान ठेवण्याची जागा असलेली आणि सकाळपासून रात्रीपर्यंत न चुकता फिरणारी एक छोटी बस स्थानक ते टर्मिनल अशी कायम असायलाच हवी. ती असल्याची खात्री पटली तर कितीतरी कुटुंबे घरून गाडी काढणार नाहीत. मी हे लेखी निवेदन देऊन मांडले आहे आणि इतरांनीही मांडावे, अशी विनंती आहे.

आणखी एक सुचवतो. आईंसाठी विमान कंपनीकडे चाकांच्या खुर्चीची मागणी आधीच नोंदवून ठेवावी. टर्मिनलच्या आत सुरक्षा तपासणीपासून विमानापर्यंतचे चालणे बरेच असते आणि ही सेवा मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

हिंगणघाटवासी

हा धागा भंडाऱ्यापुरता असला तरी आमच्या बाजूचे लोकही तो वाचतील, म्हणून थोडे जोडतो. चंद्रपूर, वरोरा, हिंगणघाट, वर्धा आणि यवतमाळकडून येणाऱ्या एसटी बस बुटीबोरी, खापरी, चिंचभवन अशा वर्धा मार्गानेच शहरात येतात, म्हणजे त्या विमानतळाच्या वळणावरूनच जातात. तरीही आमच्याकडची पुष्कळ माणसे गणेशपेठला जाऊन उलटी परत येतात, हे पाहून वाईट वाटते. बुटीबोरी सुटल्यावर वाहकाला आठवण करून द्यावी आणि विमानतळाच्या वळणाजवळच्या थांब्यावर उतरावे. विमानतळ रस्त्याच्या पश्चिमेला असल्यामुळे शहराकडे जाणाऱ्या बसमधून उतरणाऱ्याला रस्ता ओलांडावा लागत नाही. मात्र जागे राहावे, कारण थोडे पुढे गेले की वर्धा मार्गावरील तो दुमजली उड्डाणपूल सुरू होतो. खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि वर मेट्रो अशी ३.१४ किलोमीटर लांबीची ती रचना आहे. बस एकदा तिच्यावर चढली की अजनीच्या बाजूला उतरेपर्यंत थांबत नाही.

रेल्वेने येऊन अजनीला उतरणाऱ्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की ‘अजनी चौक’ मेट्रो स्थानक हे वर्धा मार्गावर आहे, रेल्वे स्थानकाला लागून नाही. रेल्वे स्थानकाहून काँग्रेसनगर मेट्रो स्थानक धरणे सोयीचे पडते.

पहाटेचा प्रवासी

वर सांगितलेले सगळे दिवसाच्या विमानांना लागू आहे. मेट्रो सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते आणि रात्री दहाच्या सुमारास थांबते, त्यामुळे सकाळी साडेआठच्या आधीचे विमान असेल तर बाहेरगावहून त्याच दिवशी सार्वजनिक वाहनांनी येण्याचा बेत करू नये. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री याच सोनेगावच्या, म्हणजे नागपूर विमानतळाच्या, धावपट्टीवर एकत्र येऊन टपालाची अदलाबदल करीत. रात्रीचा विमानतळ नागपूरला नवा नाही, रात्रीचे सार्वजनिक वाहन मात्र अजून पुरेसे नाही. अशा वेळी आदल्या संध्याकाळी येऊन ऑरेंज मार्गिकेजवळच्या नातेवाइकांकडे किंवा वर्धा मार्गावरील एखाद्या लॉजमध्ये मुक्काम करणे आणि पहाटे फक्त शेवटच्या टप्प्यासाठी टॅक्सी करणे, हे दोन्ही बाजूंच्या गाडीभाड्यापेक्षा बहुधा स्वस्तच पडते.

वैनगंगाकाठ यांना माझी एक सूचना आहे. परतीच्या तिकिटाचा विचार आताच करावा. बेंगळुरूहून निघताना सकाळचे किंवा दुपारी लवकरचे विमान निवडावे, म्हणजे नागपूरला उतरून, पट्ट्यावरून सामान घेऊन चार वाजेपर्यंत एअरपोर्ट मेट्रो स्थानकावर येता येईल. परतीत ऑटोमोटिव्ह चौकाच्या दिशेची गाडी, सीताबर्डीला बदल आणि मग प्रजापतीनगरच्या दिशेची गाडी असा क्रम राहील. परंतु परत येताना पारडीला रस्त्यावर उभे राहून बस धरण्यापेक्षा कॉटन मार्केटला उतरून गणेशपेठ गाठावे. तिथे बस सुटण्याच्या ठिकाणीच चढता येते, बॅगा डिकीत नीट ठेवता येतात आणि थकून आलेल्या ज्येष्ठांना भंडाऱ्यापर्यंत बसून जाता येते.

वैनगंगाकाठ

परतीची बाब माझ्या लक्षातच आली नव्हती. बहिणीला आजच कळवतो की परतीचे तिकीट सकाळच्या विमानाचे काढावे आणि त्याच वेळी आईसाठी चाकांची खुर्चीही नोंदवावी. येत्या रविवारी वडील आणि मी सामान न घेता प्रजापतीनगरपासून एअरपोर्ट स्थानकापर्यंत एकदा जाऊन येणार आहोत. सीताबर्डीला लिफ्ट नेमकी कुठे आहे आणि स्थानकाखाली रिक्षा कोणत्या बाजूला उभ्या असतात, हे दोन्ही पाहून इथे लिहीन, म्हणजे आमच्यानंतर जाणाऱ्यांना ते आयतेच मिळेल.