९६ किलोहर्ट्झचे भजन डीव्हीडीवर कसे उतरवावे?

प्रश्न (खानापूर):
आमच्या गावातील सप्ताहाच्या शेवटच्या रात्रीचे भजन मी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर (म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जात) रेकॉर्ड केले आहे. ते पावणेदोन तासांचे असून पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक लावून काकांनी दिलेली पहिली थापही त्यात स्वच्छ ऐकू येते. काकांना आता वाजवणे होत नाही आणि त्यांच्या घरी टीव्हीला जोडलेला डीव्हीडी प्लेअर तेवढा आहे. वेव्ह फाइल डीव्हीडीवर कॉपी केली, तर प्लेअर ती ओळखतच नाही. ऑडिओ सीडी करायची, तर दोन डिस्क लागतात. दर्जा न उतरवता एका डिस्कवर हे बसेल का?

उत्तर (निपाणी):
बसेल. आपण केली ती डेटा डिस्क झाली, म्हणजे नुसती फाइल साठवलेली डिस्क. ऑडिओ सीडी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवरच बांधलेली असते. डीव्हीडी-व्हिडिओच्या मानकात मात्र २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचा स्टिरिओ पीसीएम (न दाबलेला) आवाज मुळातच बसतो. म्हणून एक स्थिर चित्र घेऊन व्हिडिओ डीव्हीडी तयार करावी. या आवाजाला सेकंदाला ५,७६,००० बाइट लागतात, म्हणजे पावणेदोन तासांचे सुमारे ३.६ जीबी होतात. चित्राचा बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) अगदी कमी ठेवला, तर ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन्ही मावतात. बरीच सॉफ्टवेअर न विचारता आवाज एसी-३ मध्ये (दाबून लहान केलेल्या, दर्जा उतरणाऱ्या प्रकारात) बदलतात आणि मग सगळा खटाटोप वाया जातो, म्हणून सेटिंगमध्ये पीसीएम निवडल्याची खात्री करून घ्यावी.

उत्तर (शहापूर, बेळगाव):
वरील उत्तर बरोबर आहे. अनेक प्लेअर डिजिटल आउटपुटमधून ४८ किलोहर्ट्झच बाहेर सोडतात, त्यामुळे ॲम्प्लिफायर असल्यास त्याला लाल-पांढऱ्या पिनांची वायर लावावी. डिस्क कमी वेगाने राइट करावी, फायनलाइझ करावी (म्हणजे इतर प्लेअरवर चालेल अशी पूर्ण करावी) आणि शेवटी व्हेरिफाय करावी (म्हणजे नीट लिहिली गेली का ते तपासावे). माझ्या मते मात्र २४ बिटचा खरा उपयोग रेकॉर्डिंगच्या वेळी होतो: लेव्हल खाली ठेवता येते आणि गजरात सगळे टाळ एकदम उसळले तरी आवाज फाटत नाही. काकांच्या कानाला नीट केलेली १६ बिटची सीडीही उणी वाटणार नाही. मूळ फाइल फ्लॅकमध्ये (दर्जा न उतरवता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात) करून दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर जरूर ठेवावी, कारण घरी राइट केलेल्या डिस्कचा रंगथर उजेडाने आणि दमटपणाने खराब होतो. नामसंकीर्तनाच्या माझ्या दोन डिस्क काही पावसाळ्यांनंतर वाचल्याच गेल्या नाहीत आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

प्रश्नकर्ता (खानापूर):
दोघांचेही मनापासून आभार. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये एसी-३ हाच पर्याय आधीपासून निवडलेला होता, तो बदलला. विठ्ठल-रखुमाईचा फोटो घेऊन प्रत्येक अभंगाला वेगळा चॅप्टर दिला आहे, म्हणजे काकांना रिमोटवरून हवा तो अभंग लावता येईल. फ्लॅकची एक प्रत झाली असून दुसरी हार्ड डिस्क शनिवारी बाजारातून आणतो.