ओढ्याकाठी १००० रोपं कशाला? आधी हातानं तण काढूया

टिटवी: वस्तीमागच्या ओढ्याकाठी १००० रोपं लावायचं ठरतंय. सगळ्यांची तळमळ खरी आहे, तरी माझा विरोध आहे. काठावर घाणेरी आणि सुबाभूळ माजलीय, पण वरच्या टोकाला जुन्या झाडांचा एक तुकडा अजून शाबूत आहे. सुरुवात तिथून व्हावी. सिडनीत जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी १९६०च्या दशकात हाच मार्ग धरला: चांगल्या तुकड्याकडून बिघडलेल्याकडे सरकायचं, माती उकरायची नाही, आणि मूळची झाडं जितकी सावरतील तितकंच पुढे जायचं. गेल्या वर्षी मी चटईएवढी जागा हातानं साफ केली. खड्डा नाही, खत नाही. पाऊस पडल्यावर आधी गवत आलं, मग गवताच्या आडून दोन-दोन पानांची रोपं. वरच्या जुन्या झाडांचीच पिल्लं ती! बी मातीत होतंच, घाणेरीखाली त्याला ऊन मिळत नव्हतं.

खंड्या: मातीत बी असेल तिथे हे ठीक. खालच्या टोकाला वर्षानुवर्षं राडारोडा पडलाय, तिथे काय उगवणार? तिथे लावावंच लागेल. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकींच्या पद्धतीत चौरस मीटरला ३ ते ५ रोपं दाटीनं लावतात, पहिली २-३ वर्षं पाणी घालतात, निंदणी करतात, मग रान आपलं आपण वाढतं. आणि माणसांचंही बघा. नुसतं तण उपटायला किती दिवस लोक येतील? स्वतः लावलेलं रोप बघायला मूल पुन्हा पुन्हा येतं, सोबत आईबापांना आणतं.

टिटवी: मियावाकींचा सगळा भर त्या जागेच्या मूळच्या झाडांवर होता. आपल्या यादीत निम्मी शोभेची, परदेशी झाडं आहेत आणि त्यातल्या बहुतेकांच्या पानांना इथल्या अळ्या तोंड लावत नाहीत. अळी नाही तर पिल्लांना भरवायला काय? उत्तर अमेरिकेतल्या चिकडी या चिमुकल्या पक्ष्याला एका विणीची पिल्लं मोठी करायला ६००० हून जास्त अळ्या लागतात. नुसतं हिरवं दिसलं म्हणजे पक्ष्यांचं भागलं असं नाही.

पाणकणीस: तुम्ही दोघंही घाणेरी काढायच्या घाईत आहात. परवा तिच्या जाळीत बुलबुलचं वाटीसारखं घरटं पाहिलं. आत तांबूस ठिपक्यांची दोन अंडी, मादी हातभर अंतरावरून ओरडत होती. मूळची झुडपं उभी राहीपर्यंत आसरा तोच आहे. एका दमात सगळं साफ करू नका, पट्ट्यापट्ट्यानं काढा. विणीच्या दिवसांत तर हातच लावू नका.

उंबरठा: मी तळमजल्यावर राहते. झाडी वाढली की साप दारात येतो तो माझ्या. सिंगापूरला बिशान बागेतला काँक्रीटचा कालवा मोडून २०१२ साली वळणावळणाची नदी केली, पुढे तिथे पाणमांजरं आली. जगानं कौतुक केलं. पण शहरभर पसरलेल्या त्याच पाणमांजरांनी लोकांच्या तळ्यांतले मासे फस्त केले. ज्यांना झळ बसते त्यांना आधी विचारा.

खंड्या: भीती रास्त आहे, तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. पण साप येतो उंदरांमागे आणि उंदीर येतात भिंतीलगत टाकलेल्या कचऱ्यावर. कचरा हलवू, भिंतीपासून दोन मीटरचा पट्टा गवत कापून मोकळा ठेवू.

उंबरठा: दर महिन्याला तो पट्टा कापणार कोण? नाव सांगा, मग मी आमच्या मजल्यावरच्यांशी बोलते.

टिटवी: मी कापेन. पाणकणीस, घाणेरीचं पटलं: पिल्लं उडून जाईपर्यंत त्या जाळीला हात लावणार नाही, नंतरही एकेकच पट्टा. खंड्या, राडारोड्याचा तुकडा तुमचा, तिथे लावा. मात्र यादीतली शोभेची झाडं निघाल्याशिवाय माझी संमती नाही.

खंड्या: रोपं सांगून ठेवलीत, आता यादी बदलणं कठीण आहे.

टिटवी: मग लागवड एक पावसाळा पुढे ढकला. बी आपण वरच्या तुकड्यातून गोळा करू.